पहिला भाडेकरू

(प्रौढ साक्षरता वर्गापुढे एका निवृत्त मुख्याध्यापकांनी केलेले भाषण)



परवा वर्ग सुटल्यावर एक ताई माझ्याकडे आल्या. म्हणाल्या, "गुरुजी, बचत गटाचं कर्ज काढून घरामागं दोन खोल्या बांधल्या. आता भाडेकरू कसा पाहायचा? सोयरीक पाहतात तसा?"

सगळे हसले. मीही हसलो. पण घरी जाताना मनात आले, हा प्रश्न हसण्यावारी नेण्यासारखा नाही. रस्ता रुंद झाला. पलीकडे कारखान्यांची वसाहत झाली. बाहेरगावची माणसे कामाला येऊ लागली. त्यांना राहायला जागा पाहिजे. आपल्यापैकी पाचसहा घरांनी खोल्या बांधल्या आहेत. कोणी कर्ज काढले, कोणी म्हैस विकली, कोणी दागिना मोडला. खोलीचे भाडे आले तरच तो हप्ता फिटणार. पहिला भाडेकरू चांगला मिळाला तर घराला आधार होतो. वाईट मिळाला तर तोच घोर होऊन बसतो.

म्हणून आज मी याच विषयावर बोलणार आहे. मी कोणी वकील नाही. जुना मॅट्रिक झालेला शाळामास्तर आहे. पण या बाबतीत मी एकदा चांगलाच फसलो आहे. माझी चूक तुम्हांला सांगतो, म्हणजे तुमची टळेल.

मी २०१६ साली निवृत्त झालो. छत्तीस वर्षे नोकरी झाली होती. फंडाचे पैसे आले. त्यातून घरामागे दोन खोल्या आणि एक मोरी बांधली. रंग वाळायच्या आत पहिली विचारणा आली. आरोग्य उपकेंद्रावर एक नर्सबाई नव्याने बदलून आल्या होत्या. बरोबर म्हातारी आई होती. पाठीला दप्तर लावलेला आठ वर्षांचा मुलगा होता.

बाईंनी खोली नीट पाहिली. पाणी किती वाजता येते ते विचारले. पावसात कोठे गळते का, दाराला आतून कडी आहे का, रात्री-अपरात्री बाळंतपणाला जावे लागले तर फाटक उघडे मिळेल का, हेही विचारले. मग म्हणाल्या, "भाडं दोन हजार जास्त वाटतं. अठराशे करा. पाच तारखेच्या आत हातात देत जाईन."

मी त्यांचे नाव विचारले. मग आडनाव विचारले. आडनाव ऐकले आणि मी गप्प झालो.

आमच्या सौ. आतून म्हणाल्या, "बाई चांगल्या दिसतात. द्या की." पण मी म्हणालो, "आमच्याकडे पाहुणे यायचे आहेत. खोली सध्या द्यायची नाही." पाहुणे कोणी येणार नव्हते. मी चक्क खोटे बोललो. बाई म्हणाल्या, "बरं गुरुजी." त्यांनी चपला घातल्या, मुलाचा हात धरला आणि त्या गेल्या.

छत्तीस वर्षे मी रोज सकाळी मुलांकडून प्रतिज्ञा म्हणवून घेतली होती. अस्पृश्यता घटनेने १९५० साली नाहीशी केली आणि ती पाळणे १९५५ च्या कायद्याने गुन्हा ठरले, हे मीच फळ्यावर लिहून दिले होते. आणि माझ्या स्वतःच्या दारात मी असा वागलो. हे सांगायला मला लाज वाटते. पण सांगितले नाही, तर पुढची गोष्ट तुम्हांला कळणार नाही.

आठ दिवसांनी एक गृहस्थ मोटारसायकलवरून आले. कपडे पांढरेशुभ्र. बोलणे गोड. आमच्याच जातीचे. सौ.च्या माहेराकडचे लांबचे नातेही त्यांनी जोडून दाखवले. म्हणाले, "मी ठेकेदाराकडे मुकादम आहे. भाडं तुम्ही म्हणाल ते. दोन कशाला, अडीच हजार घ्या."

त्यांनी खोली पाहिली नाही. पाण्याचे विचारले नाही. मी कागदाची गोष्ट काढली, तर हसून म्हणाले, "गुरुजी, घरच्या माणसात कसला कागद अन् कसली पावती?" मला ते बोलणे फार आवडले. आपला माणूस मिळाला, असे वाटले.

पहिल्या महिन्याचे भाडे पूर्ण आले. दुसऱ्या महिन्याचे निम्मे आले. तिसऱ्या महिन्यापासून "पुढच्या शनिवारी" सुरू झाले. शनिवार येत होते आणि जात होते. सातवा महिना संपला आणि एके दिवशी सकाळी पाहतो, तर दाराला कुलूप. माणूस रातोरात सामान घेऊन गेलेला. पोलीस पाटील आणि दोन पंच यांच्यासमोर कुलूप काढले. आत एक मोडकी खाट आणि रिकाम्या बाटल्या होत्या.

हिशेब करा. भाडे राहिले १३,७५० रुपये. विजेचे बिल माझ्याच मीटरवर होते, ते ३,२०० रुपये. एकूण १६,९५० रुपये बुडाले.

मी पोलीस ठाण्यात गेलो. तेथील हवालदाराने विचारले, "राहणार कुठला? काम कुठं करत होता? ओळखपत्राची नक्कल आहे? करार आहे?" मला एकाही प्रश्नाचे उत्तर देता येईना. त्याने सांगितलेले गाव खोटे निघाले. त्याने सांगितलेल्या ठेकेदाराने त्याला कधी पाहिलेही नव्हते. मला त्या माणसाची फक्त जात माहीत होती. आणि जात पाहून पैसे वसूल होत नाहीत.

आणि त्या नर्सबाई? त्या आमच्या मागच्याच गल्लीत एका शेतकऱ्याकडे राहिल्या. पाच वर्षे राहिल्या. पाच तारीख कधी चुकली नाही, असे तो शेतकरी आजही सांगतो. बदली झाली तेव्हा खोलीला स्वतः चुना मारून गेल्या.

त्याआधी एकदा माझी त्यांची गाठ पडली. २०२१ साली करोनाची लस आली. आम्ही दोघे उपकेंद्रावर गेलो, तर लस टोचायला त्याच. मला म्हणाल्या, "गुरुजी, हात सैल सोडा." सुई टोचली. मी म्हणालो, "बाई, त्या वेळी माझं चुकलं." त्या म्हणाल्या, "अर्धा तास इथं बाकावर बसा. मग घरी जा." लस घेतल्यावर सगळ्यांनाच तेथे अर्धा तास बसवीत असत. मी बसलो. तो अर्धा तास मला फार मोठा गेला.

असो. आता कामाचे बोलू. विश्वासू माणूस ओळखायचा कसा?

पहिली गोष्ट अशी, की माणूस पाहण्याआधी आपली खोली पाहा. छप्पर गळते आहे, मोरी तुंबली आहे, कडी लागत नाही, अशा खोलीत चांगला माणूस राहत नाही. ज्याला भाडे द्यायचेच नसते, त्याला गळके छप्परही चालते. तेव्हा आधी डागडुजी करा. विजेला वेगळा सबमीटर बसवा. म्हणजे कोणी किती वीज जाळली, हा वाद राहत नाही. आणि भाडे वाजवी ठेवा. शेजारी दोन हजार घेतो, तर आपण तीन हजार मागू नये. खोली तीन महिने रिकामी राहिली तर सहा हजार गेले. त्यापेक्षा शंभर रुपये कमी घेतलेले बरे.

दुसरी गोष्ट. घाई करू नका. जो न पाहता, न विचारता, जास्त पैसे देतो म्हणतो, त्याच्यापासून जपून राहा. जो पाण्याचे विचारतो, भाड्याची घासाघीस करतो, तो राहायला आलेला असतो. त्याला भाडे खरोखरच द्यायचे असते, म्हणून तर तो कमी करून मागतो! बाजारात पैसे बुडवणारा कधी भाव करतो का?

तिसरी गोष्ट. आलेल्या माणसाला चार प्रश्न विचारा. काम कोठे करता? घरात माणसे किती? याआधी कोठे राहत होता? ती जागा का सोडली? हे विचारण्यात अपमान काही नाही. चांगला माणूस सरळ उत्तरे देतो. कामाच्या ठिकाणचे ओळखपत्र पाहा. आधार कार्डाची नक्कल घ्या. आणि आधीच्या घरमालकाला फोन करा. हा एक फोन फार मोलाचा आहे. तो मालक त्याच्याबरोबर राहिलेला असतो. आपल्याला महिन्याने जे कळणार, ते त्याला आधीच ठाऊक असते.

जात विचारू नका. धर्म विचारू नका. त्यातून भाड्याची हमी मिळत नाही, हे मी १६,९५० रुपये मोजून शिकलो आहे. आणि ते विचारणे माणुसकीलाही धरून नाही.

चौथी गोष्ट कागदाची. येथे नीट लक्ष द्या.

आपल्याकडे एक जुनी भीती आहे. "खोली दिली की कूळ लागतं. घर जातं." ही भीती कोठून आली? १९४८ साली कूळकायदा झाला. १ एप्रिल १९५७ या दिवसापासून कसणारी कुळे त्या कायद्याने जमिनीचे मालक ठरू लागली. ती आठवण घराघरांत राहिली. पण तो कायदा शेतजमिनीचा आहे. राहत्या खोलीचा नाही. खोलीचा कायदा वेगळा आहे. दोन्ही एकात मिसळू नका.

खोली देताना बहुतेक लोक 'लिव्ह अँड लायसन्स' नावाचा करार करतात. त्याचा अर्थ असा, की ठरलेल्या मुदतीपुरती राहण्याची परवानगी दिली. जागेचा मालक मालकच राहतो. मुदत संपली की जागा परत करायची. नाही केली तर दुप्पट दराने भरपाई द्यावी लागते, असे भाडे नियंत्रण कायद्यात आहे.

लोक म्हणतात, "अकरा महिन्यांचा करार केला की नोंदणी लागत नाही." हे म्हणणे आले १९०८ सालच्या नोंदणी कायद्यावरून. एका वर्षाहून जास्त मुदतीचा भाडेपट्टा नोंदवावाच लागतो, असे त्यात आहे. म्हणून लोकांनी अकरा महिन्यांची युक्ती काढली. पण महाराष्ट्रात १९९९ चा भाडे नियंत्रण कायदा ३१ मार्च २००० पासून चालू झाला. त्याच्या ५५ व्या कलमात काय आहे? करार लेखी पाहिजे आणि नोंदलेला पाहिजे. मग तो अकरा महिन्यांचा का असेना. नोंदवण्याची जबाबदारी घरमालकाची आहे. ती टाळली तर तीन महिन्यांपर्यंत कैद किंवा पाच हजार रुपयांपर्यंत दंड, किंवा दोन्ही होऊ शकते. आणखी एक गोष्ट. नोंदलेला कागद नसेल आणि वाद झाला, तर अटींबद्दल भाडेकरू म्हणेल ते खरे धरतात. उलटे सिद्ध करायचे ओझे आपल्यावर येते.

हा कायदा नेमून दिलेल्या शहरांना व गावांना लागू आहे. आपल्या गावाचे काय, ते तालुक्याला दुय्यम निबंधकाच्या कचेरीत विचारून घ्या. नोंदणीची फी आणि मुद्रांक किती, तेही तेथेच कळेल. कायदा लागू असो वा नसो, कागद करणे शहाणपणाचे आहे. आता ही नोंदणी संगणकावरूनही होते. तिला दोघांचे आधार क्रमांक आणि अंगठ्याचे ठसे लागतात.

आता तुम्ही म्हणाल, "गुरुजी, आम्ही अंगठा सोडून सही शिकलो, आणि तुम्ही परत अंगठाच लावायला सांगता!" खरे आहे. पण फरक आहे. आधी आपण न वाचता अंगठा देत होतो. आता वाचून देणार आहोत. भाडे किती, अनामत किती, मुदत कोणत्या तारखेपर्यंत, वीज कोणी भरायची, जागा सोडण्याआधी किती दिवस कळवायचे, एवढे तरी स्वतः वाचा. घर ज्याच्या नावावर आहे, त्याचेच नाव करारात आहे ना, तेही पाहा. समजले नाही तर पुन्हा विचारा. लाजू नका. आणि नवा माणूस राहायला आला की पोलीस पाटलांच्या कानावर घाला. मोठ्या शहरांत पोलीस तशी माहिती मागतात. गावातही ते बरे.

पाचवी गोष्ट पावतीची. भाडे घेतले की पावती द्यायची. ही मेहेरबानी नाही. त्याच कायद्याने ते मालकाचे काम आहे. पावती अशी लिहावी :

पावती क्रमांक ३. तारीख ४ जून.
श्री. ............ यांजकडून जून महिन्याचे खोलीभाडे रु. २,२०० (अक्षरी रुपये दोन हजार दोनशे फक्त) रोख मिळाले.
विजेचा मागील आकडा ४१२. आताचा आकडा ४५७. वापर ४५ युनिट.
पैसे घेणाऱ्याची सही ............

ही पावती उद्या प्रत्येकाने वहीत लिहून आणायची. पावतीची स्थळप्रत आपल्याजवळ ठेवायची.

सहावी गोष्ट आपल्या स्वतःच्या वागण्याची. खोली दिली म्हणजे तेथे राहणारा माणूस विकत घेतला, असे नाही. तो घरी नसताना कुलूप उघडून आत जाऊ नये. त्याच्या चुलीवर काय शिजते, याची चौकशी करू नये. भाडे थकले म्हणून पाणी तोडायचे, वीज बंद करायची, हे तर कायद्यानेच मना आहे. भांडण झालेच तर चार माणसांत बोला. नाही मिटले तर कायद्याच्या वाटेने जा. मालक सरळ असला की त्याचे नाव होते. मग चांगला भाडेकरू जाताना दुसरा चांगला भाडेकरू आणून देतो.

आता माझ्या दुसऱ्या भाडेकरूची गोष्ट सांगतो आणि संपवतो.

फसल्यावर वर्षभर मी खोली बंद ठेवली. २०१८ साली कारखान्यातला एक तरुण फिटर आला. बरोबर बायको आणि तान्हे मूल. मी चार प्रश्न विचारले. आधीच्या मालकाला फोन केला. तो म्हणाला, "मुलाचं लग्न झालं म्हणून मला खोली लागली. नाहीतर मी त्याला सोडलं नसतं." भाडे २,२०० ठरले. कागद केला. तो आमच्या जातीचा नव्हता, धर्माचाही नव्हता. ते मी विचारले नव्हते. नाव लिहिताना कळले. कळले तेव्हा माझा हात क्षणभर थांबला. खोटे कशाला सांगू? पण मला ती मागची सकाळ आठवली आणि मी पुढे लिहिले.

२०२० साली टाळेबंदी आली. कारखाना बंद पडला. एप्रिलच्या एक तारखेला तो स्वतः दारात आला. लांब उभा राहून म्हणाला, "गुरुजी, दोन महिने भाडं जमणार नाही. पण तुम्ही लिहून ठेवा. मी फेडीन." मी वहीत लिहिले : बाकी ४,४०० रुपये. कारखाना सुरू झाला. दर महिन्याच्या भाड्यावर तो पाचशे रुपये जास्त देऊ लागला. आठ महिने दिले. चार हजार झाले. नवव्या महिन्यात शेवटचे चारशे आणून दिले आणि म्हणाला, "आता ती ओळ खोडा."

ती वही मी आज बरोबर आणली आहे. खोडलेली ओळ पाहा.

तेव्हा ताई, तुमच्या प्रश्नाचे उत्तर हे आहे. ज्याला कधी अडचण येत नाही, असा भाडेकरू शोधू नका. असा माणूस जगात नाही. अडचण आली की जो आपणहून दारात येऊन सांगतो, तो विश्वासू. तो ओळखायला आडनाव उपयोगी पडत नाही. त्याचे काम पाहा, त्याच्या मागच्या मालकाला विचारा, आणि दोघांमध्ये कागद ठेवा. आणि तो दारात आला तर त्याचे ऐकून घेता येईल, असे आपणही वागा.

तुमच्या दोन खोल्यांना चांगली माणसे मिळोत. पहिली पावती मात्र तुम्ही स्वतःच्या हाताने लिहा, आणि मला आणून दाखवा.